अब्बा आणि आमचा प्रोजेक्टर

गेल्या रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी शारजाहून धाकट्या भावाचा फोन आला. "आपा, चाळीस हजार पाठवतोय. अब्बांसाठी चांगला मोठा टीव्ही घे."

अब्बांचं वय ७५. दीड वर्षापूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून ते सोलापुरात आमच्याकडेच असतात. उजवा हात आणि पाय साथ देत नाहीत. बोलणं मात्र अल्लाहच्या मेहेरबानीने शाबूत आहे. बाहेरच्या खोलीत त्यांचा पलंग आहे. आमचा टीव्ही होता कोपऱ्यात, उंचावर. तो बघायला मान वळवावी लागे, मग मान दुखे. हळूहळू त्यांनी टीव्ही बघणंच सोडलं. दिवसभर छताकडे बघत पडून राहायचे.

अकरावीतल्या माझ्या मुलीने सुचवलं, "अम्मी, टीव्ही कशाला? नानांच्या पलंगासमोरची भिंत पूर्ण मोकळी आहे. प्रोजेक्टर घेऊ. पडल्या पडल्या सरळ समोर दिसेल."

कल्पना सगळ्यांना पटली. घरात कोणाला प्रोजेक्टरमधलं काही कळत नव्हतं. निदान मला तरी तसं वाटत होतं.

पहिलं मशीन आम्ही ऑनलाइन मागवलं. किंमत साडेसहा हजार. खोक्यावर ९,००० लुमेन आणि ४के असं मोठ्या अक्षरांत छापलेलं. इशानंतर पडदे ओढले, दिवे मालवले आणि मुलाने एक कार्यक्रम लावला. भिंतभर चित्र आलं तसे आम्ही सगळे खूश झालो. थोड्या वेळाने लक्षात आलं की माणसांचे चेहरे आजारी दिसतायत, मधली अक्षरं वाचता येतायत पण कोपऱ्यातली पुसट आहेत.

अब्बा इतका वेळ गप्प होते. मग म्हणाले, "चित्र काढ. नुसतं पांढरं टाक."

मुलीने मोबाइलवर कोरं पांढरं पान उघडून ते भिंतीवर टाकलं. मधोमध उजेडाचा गोळा होता आणि चारही कोपरे मळकट.

"आता काळं टाक."

काळं टाकलं तर भिंतीवर राखाडी धुकं पसरलं. अब्बा आमच्या घरच्या बोलीत म्हणाले, "उजाला तो कोन बी देता बेटी, काला कित्ता काला है वो देख."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. दीड वर्षात पहिल्यांदा त्यांच्या आवाजात हुकूम आला होता.

वाचक भगिनींनो, इथे मला एक गोष्ट सांगायला हवी, जी मी बरीच वर्षं कोणाला सांगत नव्हते. माझे अब्बा सिनेमा ऑपरेटर होते. आमच्या तालुक्याच्या गावातल्या थिएटरात १९७३ ते २००४ अशी ३१ वर्षं त्यांनी मशीन चालवलं. सुरुवातीला कार्बनचं मशीन होतं. दोन कार्बनच्या कांड्यांमध्ये वीज पेटायची, तोच पडद्यावरचा उजेड. कांड्या जळत जायच्या तसतसं त्यांच्यातलं अंतर सांभाळावं लागायचं, नाहीतर पडदा पिवळट व्हायचा किंवा उजेड लपलपायचा. पुढे झेनॉनचा दिवा आला. एक मोठं रीळ साधारण २० मिनिटांचं. ते संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका उमटतो. तो दिसला की दुसरं मशीन सुरू करायचं, दुसरा ठिपका दिसला की उजेड या मशीनवरून त्या मशीनवर घ्यायचा. प्रेक्षकाला कळताही कामा नये. सहाच्या खेळात मगरिबची वेळ व्हायची. नवं रीळ लागलं की अब्बा मशीन सहायकावर सोपवून केबिनच्या कोपऱ्यात जानमाज अंथरायचे.

हे सगळं मला माहीत होतं, पण त्याचा अभिमान कधी वाटला नाही. अम्मीच्या माहेरी "सिनेमाची कमाई" असा शब्द निघायचा आणि अम्मी खाली मान घालायची. शाळेत मुली विचारायच्या, तुझे अब्बा काय करतात? मी म्हणायचे, नोकरी. बी.एड.च्या मुलाखतीतही तेच सांगितलं. माझ्या लग्नाच्या बायोडाटात वडिलांच्या नावापुढे मी माझ्या हाताने लिहिलं होतं, खाजगी नोकरी. सासरच्यांना नंतर सगळं कळलं आणि कोणी एका शब्दानेही काही म्हटलं नाही. लाज फक्त माझ्या मनात होती.

पहिलं मशीन परत पाठवलं. त्या रात्री अब्बांनी विचारलं, "हे नऊ हजार कोणी मोजले?"

मुलीने वाचून शोधून काढलं. प्रोजेक्टरचा उजेड मोजायची एक मान्य पद्धत आहे. पांढऱ्या चित्राचे नऊ भाग पाडून प्रत्येक भागात उजेड मोजायचा आणि सरासरी काढायची. त्याला अ‍ॅन्सी लुमेन म्हणतात. खोक्यावर नुसतं 'लुमेन' असेल तर तो आकडा कशाचाही असू शकतो. ४केचंही तसंच. 'सपोर्ट' असं लिहिलेलं असतं, म्हणजे मशीन ४केचा सिग्नल घेतं, भिंतीवर मात्र स्वतःच्या पट्टीइतकेच ठिपके टाकतं. आमच्या त्या मशीनची स्वतःची पट्टी होती १२८० बाय ७२०. खोक्यावर बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंही होतं. आम्हीच मोठी अक्षरं वाचली होती.

मग अब्बांनी आणखी एक गोष्ट दाखवली. "मशीनला नाव ठेवण्याआधी भिंत बघ." आमची भिंत फिकट हिरवी. तिच्यावर पडलेला प्रत्येक चेहरा हिरवट दिसणारच. चेहरे आजारी दिसण्यात अर्धा दोष भिंतीचा होता. तेव्हापासून तपासणीसाठी आम्ही इस्त्री केलेली पांढरी चादर दुहेरी करून ताणून बांधू लागलो.

उन्हाळ्याची सुट्टी होती. मुख्याध्यापिकांची लेखी परवानगी घेऊन मी शाळेतला प्रोजेक्टर दोन दिवसांसाठी घरी आणला. हा थ्री एलसीडी प्रकारचा. यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन रंग तीन वेगळ्या काचांमधून जातात आणि एका लोलकात एकत्र येतात. त्यामुळे रंग चांगले भरदार पडतात. उजेड ३,००० लुमेनच्या वर आणि तो आकडा खरा. वर्गात खिडक्या उघड्या ठेवूनही फळ्यावरचं वाचता येतं, म्हणून मला तो आवडतो.

अब्बांनी पांढरं पाहिलं. "अच्छा है." मग काळं पाहिलं आणि मान हलवली. एवढ्या उजेडात काळं काळं राहतच नव्हतं. रात्रीचं दृश्य लावलं तर संध्याकाळ वाटे. शिवाय तो जुन्या चौकोनी आकाराचा, १०२४ बाय ७६८ पट्टीचा. आजचं रुंद चित्र टाकलं की वर आणि खाली राखाडी पट्टे. "शिकवण्याचं मशीन आहे, बघण्याचं नाही," अब्बा म्हणाले. मला ते मनापासून पटलं.

याच दिवसांत मुलीच्या क्लासच्या चौकशीसाठी आम्ही पुण्याला गेलो. तिथे तपकीर गल्लीत बघून येऊ असं ठरलं. निघताना अब्बांनी मुलाकडून एका कागदावर पाच गोष्टी लिहून घेतल्या. पांढरं. काळं. चारही कोपऱ्यांतली अक्षरं. माणसाचा चेहरा. आणि एक काळा-पांढरा सिनेमा. पाचवी गोष्ट कशाला, मी विचारलं. ते म्हणाले, रंगीत चित्रात मशीनची चूक लपते. काळ्या-पांढऱ्यात राखाडी रंग निळा किंवा गुलाबी दिसला की समजायचं, रंगाचं गणित चुकलंय. "मुघल-ए-आझमची मूळ प्रत लावून बघ. बहुतेक सिनेमा काळा-पांढरा, शीशमहलाचं गाणं रंगीत. एकाच सिनेमात दोन्ही तपासून होतं."

एका दुकानदाराने आतल्या अंधाऱ्या खोलीत डीएलपी प्रकारचं मशीन लावून दाखवलं. यात लाखो बारीक आरसे असतात आणि ते क्षणाक्षणाला कलत राहतात. समोर रंगांचं एक चक्र फिरतं. पट्टी १९२० बाय १०८०, किंमत ६५ हजार. खरं सांगते, मी थक्क झाले. काळं खरोखर काळं होतं, राखाडी निव्वळ राखाडी. कोपऱ्यातलं अक्षर मधल्याइतकंच रेखीव. मी कागदावर पाचही ठिकाणी बरोबरची खूण केली. तेवढ्यात मुलगा म्हणाला, "अम्मी, पांढऱ्याच्या कडेला मला इंद्रधनुष्य दिसतंय." आम्हाला कोणाला दिसेना. दुकानदाराने प्रामाणिकपणे सांगितलं की रंग एकामागून एक पडत असल्यामुळे काही माणसांना नजर फिरवताना तसं दिसतं, काहींना अजिबात दिसत नाही. म्हणून असं मशीन घेण्याआधी घरातल्या प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. दिवा काही हजार तासांनी बदलावा लागतो आणि त्याचा खर्चही हजारांतच जातो.

घरी येऊन भावाला सांगितलं. तो लगेच म्हणाला, "पासष्टवालाच घ्या. मी अजून पंचवीस पाठवतो. अब्बांसाठी काय कमी-जास्त बघायचं?"

त्याच आठवड्यात आमच्या नात्यातल्या एका मुलाने त्याच्या दुकानातलं एक मशीन दोन दिवस वापरून बघायला दिलं. एलईडीचं, १९२० बाय १०८० पट्टीचं, ४०० अ‍ॅन्सी लुमेन, किंमत २२ हजार. आतला काचेचा भाग बंदिस्त, त्यामुळे धूळ आत शिरत नाही. सोलापूरच्या धुळीत ही मोठी गोष्ट. उघड्या मशीनमध्ये काही महिन्यांत पडद्यावर डाग दिसू लागतात. एलईडीचा दिवा २० हजार तासांच्या पुढे चालतो असं कंपन्या सांगतात, म्हणजे दिवा बदलण्याची काळजी जवळपास नाही.

आम्ही हौसेने १०० इंची चित्र टाकलं. फिकं वाटलं. अब्बा म्हणाले, "चित्र लहान कर." मशीन पुढे सरकवून ८० इंच केलं. तेच मशीन, तोच दिवा, पण चित्रात जीव आला.

मुलीने वहीत हिशेब मांडला. थिएटरसाठी ठरलेलं प्रमाण म्हणजे अंधारात पडद्याच्या दर चौरस फुटाला साधारण १६ लुमेन. १०० इंची रुंद पडदा जवळपास ३० चौरस फुटांचा, त्याला पावणेपाचशे लुमेन लागतात. ८० इंची पडदा १९ चौरस फुटांचा, त्याला ३०० पुरतात. वीस इंच कमी केले की जागा एक तृतीयांशाहून अधिक कमी होते आणि तेवढाच उजेड कमी जागेत गोळा होतो. अब्बांना हे गणित कोणी शिकवलं नव्हतं. त्यांनी नजरेनेच सांगितलं होतं.

मशीन स्टुलावर ठेवून तोंड वर केलं होतं, त्यामुळे चित्र वर रुंद आणि खाली अरुंद झालेलं. मुलाने सेटिंगमध्ये जाऊन ते सरळ केलं. अब्बांनी हटकलं. "मशीन सीधी रख. तस्वीर को मत मरोड." सेटिंगमधून सरळ केलं की काही ठिपके वाया जातात आणि अक्षरांची धार जाते, हे नंतर आम्हाला कळलं. पलंगाच्या मागे भिंतीवर, पडद्यापासून सव्वासात फुटांवर फळी ठोकली आणि मशीन पडद्यासमोर सरळ बसवलं. पंख्याची घरघर त्यांच्या डोक्यामागेच येते. त्रास होतो का विचारलं तर म्हणाले, "आवाज नसला तर मशीन चालू आहे असं वाटत नाही."

चेहरा तपासायचा राहिला होता. मुलगी म्हणाली, मामूंनाच व्हिडिओ कॉल लावू. लॅपटॉप जोडला आणि शारजाहून भावाचा चेहरा भिंतीवर आला. रोज मोबाइलवर आम्ही त्याला बघतच होतो. हातभर चेहरा पहिल्यांदाच बघत होतो.

तो हसून बोलत होता. "मग, कसं आहे मशीन? पंचवीस पाठवू ना?"

अब्बा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "डोळ्यांखाली काळं का झालंय? गाल बसलेत. कितीला झोपतोस?"

"काही नाही अब्बा, इथला लाइट तसा आहे."

"लाइट मला सांगू नकोस."

भाऊ हसायचा थांबला. हळूहळू सगळं बाहेर आलं. कंपनीने माणसं कमी केली होती. तो चार महिने दिवसा एका ठिकाणी आणि रात्री एका गोदामात काम करत होता. आम्हाला पाठवलेले चाळीस हजार त्या रात्रपाळीचे होते. आणखी पंचवीस हजारांसाठी तो आणखी किती रात्री जागणार होता कोण जाणे. रोज फोनवर तो "सगळं ठीक" म्हणत होता आणि तळहाताएवढ्या पडद्यावर आम्हाला सगळं ठीकच दिसत होतं.

अब्बा म्हणाले, "हेच मशीन ठेवायचं. पुढे एक पैसा पाठवायचा नाही. उरलेले आपा तुला परत पाठवेल. आणि रात्रपाळी सोड."

२२ हजारांचं मशीन, २,६०० चे जाड पडदे, तीन हजारांचा वेगळा स्पीकर, कारण आतला आवाज पत्र्यासारखा होता, आणि भिंतीच्या तेवढ्या तुकड्याला बिनचकाकीचा पांढरा रंग, ४०० रुपये. एकूण २८ हजार. बारा हजार मी भावाला परत पाठवले. त्याने पंधरा दिवसांनी गोदामाचं काम सोडलं. अजून एकच नोकरी आहे, ओढाताण आहे, पण आता तो खरं सांगतो.

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी अब्बांच्या पायांना तेल लावत होते. म्हटलं, "अब्बा, एवढं सगळं येतं तुम्हाला. कधी बोलला नाहीत."

ते म्हणाले, "तुमे कब पूछे?"

मी गप्प झाले. मग धीर करून म्हणाले, "माझ्या बायोडाटात मी तुमचं काम लिहिलं नव्हतं."

"माहीत आहे," ते म्हणाले. "त्याच्या झेरॉक्स मीच काढून आणल्या होत्या."

मी माफी मागितली. त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "सो जा, सकाळी शाळा आहे." शाळेला सुट्टी होती. ते त्यांच्या लक्षात नव्हतं.

तुमच्या घरी प्रोजेक्टर घ्यायचा विचार असेल तर आमच्या अनुभवावरून एवढंच सांगेन. खोली अंधारी करता येत नसेल तर घेऊ नका, टीव्हीच बरा. दुपारी उघड्या खिडक्यांत आमचाही पडदा पांढुरका दिसतो. आकडा अ‍ॅन्सी लुमेनमध्येच विचारा आणि मशीनची स्वतःची पट्टी विचारा. चित्राचा आकार खोलीच्या हौसेने ठरवू नका, मशीनच्या उजेडाने ठरवा. भिंत, पडदे आणि स्पीकर यांचे पैसे आधीच बाजूला काढा. आमच्या हिशेबात ते सहा हजार होते आणि त्यांनी जेवढा फरक पडला तेवढा महागड्या मशीननेही कदाचित पडला नसता. आणि विकत घेण्याआधी पांढरं, काळं, कोपरे, चेहरा आणि काळं-पांढरं चित्र, या पाच गोष्टी स्वतः बघा.

आता शनिवारी इशानंतर गल्लीतली आठ-दहा मुलं आमच्याकडे येतात. कधी प्राण्यांवरचा माहितीपट, कधी क्रिकेट, कधी माझ्या वर्गाचा एखादा धडा. अब्बा मुलाकडून आधी पांढरं टाकून घेतात, कोपरे बघतात, मगच "चालू कर" म्हणतात. परवा शेजारच्या नव्या बिऱ्हाडातल्या भाभी मुलाला न्यायला आल्या होत्या. चित्र बघून म्हणाल्या, "कित्ती साफ दिसतंय! कोणाकडून बसवून घेतलंत?"

मी म्हटलं, "माझ्या अब्बांनी बसवलंय. ते सिनेमा ऑपरेटर होते. एकतीस वर्षं."

अब्बांनी ऐकलं की नाही, मला कळलं नाही. ते माझ्या मुलाला सांगत होते की स्वयंपाकघराचं दार लोटून घे, तिथला उजेड डाव्या कोपऱ्यात येतोय.